सातव्या मिनिटाची गिटार

लिंबू-मिरची बांधलेल्या गाड्या पाहून हसणारा माणूस मी. भूतबित सोडाच, राशिभविष्यसुद्धा वाचत नाही... त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय. पण आमच्या अल्बमवर गिटारपुढे माझं नाव आहे, आणि त्यातला एक तुकडा मी वाजवलेला नाही. दुसऱ्या कुणीही नाही.

आम्ही रिसोडचे. मंगेश ड्रमवर, मी गिटारवर – शाळेपासूनची जोडी. संगीत हेवी, म्हणजे कानठळ्याच. रेकॉर्डिंग मंगेशच्या काकांच्या टिनाच्या गोदामात. तिथे छतापर्यंत रचलेले सोयाबीनचे कट्टे – भरलेली पोती – आवाज पिऊन टाकायचे, त्यामुळे स्टुडिओची गरजच नव्हती. पहिली चार गाणी तशीच झाली.

मग भाव चढला आणि काकांनी आठवड्याभरात सगळा माल विकला. रिकाम्या गोदामात एक ठोका मारला की चार ऐकू यायला लागले. मी म्हटलं, नवा माल येईपर्यंत थांबू. तेवढ्यात मंगेशनं शिरपूरच्या प्रवीणला आणलं. वरातीत कीबोर्ड वाजवणारा गडी! त्यानं एकच सूर दाबून धरला, तो टिनाखाली फिरत राहिला... आणि मंगेश डोळे मिटून म्हणाला, "बावा, हे तं थेट आभायात जाऊन राह्यलं!"

झालं. अल्बमची दिशाच बदलली. स्पेस रॉक म्हणे. लांबच लांब सूर, मधे शांतता. शेवटचं गाणं अकरा मिनिटांचं, त्यात माझी गिटार फक्त पहिली दोन मिनिटं. जळलो मी, खोटं कशाला बोलू? दोस्ती माझी आणि वाहवा प्रवीणची! वर तो मला "दादा, दादा" करायचा, त्यानं डोकं आणखीच फिरायचं.

त्याच्या रेकॉर्डिंगच्या रविवारी मी मुद्दाम धनजला मावशीकडे निघून गेलो. गिटारही सोबत नेली – माझ्या मागे कुणी हात लावायला नको. दुपारभर ती पलंगाखाली होती, आणि मी मावशीची भजी खात प्रवीणच्या नावानं बोटं मोडत होतो.

संध्याकाळी मंगेशचा फोन. "अबे, मी माईक चालू अन् प्रवीणले वाजवत ठेवून जेवाले घरी गेलो, तवा तू येऊन गेला काय? काय वाजवलं लेका!"

मला टोमणा वाटला. सोमवारी गोदामात जाऊन हेडफोन लावला. सातव्या मिनिटाला, प्रवीणच्या सुरांमागून, गिटार येते. माझ्या गिटारची एक तार तिसऱ्या पट्टीवर दाबली की झणझणते... तीच झणझण. सूर जरा उशिरा सोडायची माझी सवय, तीही तशीच. फक्त वाजवणारा माझ्यापेक्षा फार चांगला. कुठे घाई नाही, प्रवीणला झाकायची धडपड नाही.

"तूच ना?" मंगेशनं विचारलं.

"हो, मीच." नाही म्हटलं असतं तर गाणं पुन्हा एकट्या प्रवीणचं झालं असतं. समोर बसलेला प्रवीण कीबोर्डची वायर गुंडाळत राहिला.

अल्बम निघाला. लोक नेमकं त्याच तुकड्याचं कौतुक करतात. मला तो आजतागायत वाजवता आलेला नाही. सरावात बोट दुखतंय म्हणून टाळतो.

गेल्या महिन्यात प्रवीणला शिरपूरच्या बसवर सोडायला गेलो तेव्हा स्टँडवर विचारलंच. "खरं सांग, त्या दिवशी मागं कोण होतं?"

"तुमीच तं होते दादा."

"मले पाह्यलं तू?"

"नाही. गिटार ऐकू आली, तवा समजलं दादा आले. पण मी वळूनच नाही पाह्यलं." तो ओशाळून हसला. "म्हटलं, पाह्यलं तं तुमी रागानं उठून जासान."

बस लागली, तो चढला. मी तिथेच उभा राहिलो.

ते काय होतं, मला माहीत नाही. आणखी कुणाला विचारायची सोयही नाही, कारण 'मीच' म्हणून बसलोय. गोदामात आता पुन्हा कट्टे आहेत. प्रवीणवरचा राग कधीच गेला... पण त्या रविवारी माझी जागा रिकामी पाहून जो कुणी त्याच्या मागे येऊन बसला, त्याच्यावर मी अजून जळतो. तिथे मला बसायचं होतं.