वही मिटून आठवा

"ॲड्रेनलिन कुठंय?" मी विचारलं.

तेजश्रीने क्रॅश कार्टचा तिसरा ड्रॉवर उघडला. मग दुसरा. ॲड्रेनलिन पहिल्यात होतं.

क्रॅश कार्ट म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडलं तर लागणाऱ्या औषधांची ट्रॉली. मुलुंडच्या एका हॉस्पिटलमध्ये मी नर्सिंग ट्रेनर होते. त्या दिवशी नव्या आठ नर्सेसपैकी तेजश्रीसकट सहा जणी ड्रिलमध्ये फेल झाल्या.

आमच्या मेट्रन वैतागल्या. "लेक्चर्स वाढवा."

"दोनदा झालं मॅडम. नोट्स वाचून त्यांना सगळं येतंय असं वाटतं. नुसतं वाटतं."

तेच तेच वाचलं की मेंदूला ते ओळखीचं होतं. ओळखीचं म्हणजे येतं, असा आपला समज होतो. पण न बघता आठवायचं तर मेंदूला शोधावं लागतं, आणि त्या शोधण्यानेच ते पक्कं होतं. थोडं विसरून मग आठवलं तर जास्तच.

मी तीन आठवडे मागून घेतले. लेक्चर बंद. ड्यूटीआधी पाच मिनिटं वही मिटायची आणि कोऱ्या कागदावर अख्खं कार्ट लिहायचं, कुठल्या ड्रॉवरमध्ये काय ते. मग ड्रॉवर उघडून आपली चूक आपणच शोधायची. आधी रोज, नंतर दोन-तीन दिवसांआड. मार्क नाहीत.

मुली चिडल्या. चौथ्या दिवशी तेजश्री रडकुंडीलाच आली. "मॅडम, घरी वाचते तेव्हा सगळं येतं. इथे कागद दिलात की वाट लागते. मला नाय जमणार हे."

"इथे लागू दे गं वाट. वॉर्डात नको."

मेट्रननी मला केबिनमध्ये बोलावलं. "मुलींचा कॉन्फिडन्स जातोय."

"खोटा होता तो. जाऊ द्या."

पुढच्या ड्रिलमध्ये आठही पास झाल्या.

महिनाभराने मेल वॉर्डात जेवता जेवता एक आजोबा कोसळले. एक नर्स छाती दाबायला लागली. तेजश्री कार्ट घेऊन धावली. डॉक्टरांनी औषधाचं नाव घेईपर्यंत तिने सिरिंज भरलेली होती. आजोबा वाचले. श्रेय पूर्ण टीमचं, पण शोधाशोधीत एक सेकंद गेला नाही.

संध्याकाळी मेट्रननी पुढच्या बॅचचं टाइमटेबल मागवलं. "लेक्चर एकच? पुरेल?"

"पुरेल."

त्यांनी सही केली.

शिकताना सगळं सोपं वाटत असेल, तर वही मिटून एकदा खात्री करून घ्यावी.