भाऊरावांच्या वावरातलं दगडांचं कडं

रविवारी घरी आले की नवरा चहा ठेवतो आणि विचारतो, "बोल, आज कोणी काय तारे तोडले?" चार वर्षं झाली, मी नागपूरहून आठ-आठ माणसं गाडीत घालून काटोल रोडकडची शिळावर्तुळं दाखवायला नेते. दगड तेच, माझी बडबड तीच, पण माणसं दर वेळी नवी! सांगायला बसले तर चहाचं पाणी आटेल, किस्से आटायचे नाहीत.

शिळावर्तुळ म्हणजे काय, ते आधी सांगते. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी आपली गेलेली माणसं पुरली, सोबत लोखंडाच्या कुऱ्हाडी, कधी घोडाही ठेवला आणि भोवती मोठाल्या दगडांचं कडं रचलं. मी दाखवते त्यातलं सगळ्यात साबूत कडं भाऊरावांच्या वावरात आहे. आणि दिवाळीपासून भाऊरावांचं एकच पालुपद, "पाहून घ्या मॅडम. उन्हाळ्यात जेसीबी लावतो, गोटे काढतो आन् संत्रा लावतो!" वावर त्यांचं, मी कोण बोलणारी?

* * *

लोकांना खांब पाहिजे, कमान पाहिजे, निदान एखादी तुटकी मूर्ती तरी! एक काका वाटेत दोन प्लेट तर्री-पोहे हाणून आले होते. मी अर्धा तास घसा फोडून सांगितलं. काका एका दगडावर ऐसपैस बसून म्हणाले, "मॅडम, हे सगळं ठीक आहे. पण खंडहर कधी येईल?"

"काका, तुम्ही त्याच्यावरच बसला आहात!"

काका टुणकन उठले. रुमालानं दगड पुसला आणि माझ्यावरच चिडले, "मग आधी सांगाचं ना! मी केव्हाचा शोधून राहिलो!"

* * *

धंतोलीतले एक सर्जन आले होते. रस्ताभर फोन. "टाके उद्या पाहू," "सलाइन चालू ठेवा," हेच चाललं होतं. कड्यापाशी पोचलो आणि रेंज गेली. पाच मिनिटं बिचारे कावरेबावरे झाले. मग हात मागे बांधून राऊंड घेतल्यासारखे एकेका दगडापुढं थांबत फिरले.

"कसं वाटलं डॉक्टर?"

"फर्स्ट क्लास! पहिला वॉर्ड पाहून राहिलो, जिथं कोणी डिस्चार्ज मागत नाही!"

* * *

कोराडीच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर झालेले एक इंजिनिअर मेजरटेप घेऊनच उतरले. दगडाची लांबी, रुंदी, अंदाजे वजन. "क्रेन नाही, काही नाही. किती मॅनपॉवर लागली असेल हो!" असं म्हणत वहीत आकडेमोड चालली. बायको सावलीत बसून ऐकत होती. शेवटी तिचा संयम सुटला.

"अहो, माणसं मोजून राहिले ते मोजा. पण तेवढ्या माणसायच्या भाकरी कोणी थापल्या, तेही लिहा ना त्या वहीत!"

साहेबांनी वही मिटली. गाडीतल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, मी सगळ्यात जोरात.

* * *

भाऊरावांचं सांगायचं तर, दर रविवारी ते बायकोसोबत, वच्छलाबाईंसोबत, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून माझं पूर्ण ऐकत. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, चेहरा कोरा. एकदा माझा घसा बसला होता, म्हणून मी थोडक्यात आटपलं. धुऱ्यावरून आवाज आला, "मॅडम, लोखंडाच्या कुऱ्हाडीचं राहिलं! आन् ते घोड्याचं!"

माझा जीव हरखला. माणूस विरघळला, म्हटलं!

"भाऊराव, म्हणजे कडं राहू देता ना?"

"नाही जी. जेसीबीवाल्याले सांगून ठेवलं. अखजी झाली का येते."

* * *

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं भरलेली नवी घागर ठेवतात. त्यानंतरच्या रविवारी मला जायची हिंमत होत नव्हती. पण बुकिंग झालेलं, करता काय? ऊन चढायच्या आत, सकाळी सहालाच पोचलो. लांबूनच ताजी माती दिसली. वावरभर संत्र्याचे खड्डे, ओळीनं!

जवळ गेले. खड्ड्यांच्या ओळी कड्यापाशी येऊन थांबल्या होत्या आणि पलीकडून पुन्हा सुरू झाल्या होत्या. एक दगड हललेला नव्हता. आणि मधोमध नवीकोरी मातीची घागर, काठोकाठ भरलेली.

"वच्छलाबाई, ही कोणाची घागर?"

"यायचीच, या कड्यातल्यायची. चार वर्षं तुम्हीच सांगून राहिल्या ना, इथं माणसं ठेवलेली हायेत म्हणून? आता आपल्याच वावरातले म्हटल्यावर अखजीले तहानलेले ठेवू का मी?"

मी डोळे पुसत भाऊरावांकडे वळले. ते कपाळाला आठ्या घालून खड्ड्यांकडे पाहत होते.

"भाऊराव, तुमची आठ-दहा झाडं कमी झाली असतील हो. माझ्यामुळं तुमचं नुकसान झालं."

"नुकसान काहून जी?" भाऊराव खेकसले. "हिस्साच हाये तो त्यायचा. सातबाऱ्यावर नाव नाही लागलं, म्हणून काय झालं?"