बिनवजनाचं पुस्तक

धुळ्याच्या पाचव्या गल्लीतले छापखानेवाले नाना गिऱ्हाइकाला पैसे सांगताना असे लाजायचे, की वाटावं, मुलगी बघायला पाहुणे आलेत आणि नानाच पोह्यांची बशी घेऊन बाहेर आलेत. कान लाल, नजर पंख्याकडे. मी संध्याकाळी तिथे प्रुफं तपासायला जायचो. खरं तर हा प्रयोग फुकटात बघायला जायचो.

या लाजेवर नानांनी एक तोड काढली होती. छापलेल्या पुस्तकांचा गठ्ठा आधी गिऱ्हाइकाच्या दोन्ही हातांवर ठेवायचा आणि तो जरा वाकला की आकडा सांगायचा. "हातात वजन असलं म्हणजे माणूस वाद घालत नाही, भाऊ," हे त्यांनी मला अगदी गुपित म्हणून सांगितलं होतं. लग्नपत्रिका हलक्या, म्हणून त्यांचे पैसे नानांना कधी धड मिळाले नाहीत.

नव्वदच्या दशकात नानांनी छपाईचे शिशाचे खिळे मोडीत काढून कॉम्प्युटर आणला. पहिलं मोठं काम दिलं सोनगीरच्या अक्कांनी. त्या निवृत्त शिक्षिका. लहानपणी ऐकलेल्या अहिराणी गोष्टी त्यांनी लिहून काढल्या होत्या. "छापू नका," त्या म्हणाल्या, "अमेरिकेतला भाचा कॉम्प्युटरवरच वाचणार आहे. फ्लॉपीत भरून द्या." दोन बोटांनी टाइप करत नानांनी अख्खा पावसाळा त्या गोष्टींत घालवला. या कामाचे पैसे नीट आले नाहीत, तर कॉम्प्युटर विकावा लागणार होता.

अक्का आल्या तेव्हा नानांनी त्यांच्या हातात चांगलं जाडजूड, सुतळीनं बांधलेलं पुडकं ठेवलं. मी चक्रावलो. अक्कांनी तिथेच सुतळी सोडली. आत कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि मधोमध एक फ्लॉपी.

"हाई काय शे, नाना? बठ्ठा कागद कोराच!"

"फ्लॉपी फार हलकी हो, अक्का. एवढीशी वस्तू देऊन नऊशे रुपये कसे मागू?"

मी हसू दाबत होतो. अक्का हसल्या नाहीत. "म्हणजे माझ्या गोष्टी वाचून तुम्हाला मोल दिसलं ते कागदाचंच?"

आता मलाही पंख्याकडे बघावं लागलं. अक्कांनी नऊशे रुपये टेबलावर ठेवले, फ्लॉपी पिशवीत टाकली आणि त्या निघून गेल्या.

नाना थोडा वेळ नोटांकडे बघत बसले. "जास्त घेतले रे, भाऊ. पंचवीस रुपयांच्या वस्तूचे नऊशे!" असं म्हणत ते उठले आणि अनवाणीच निघाले. मागोमाग मी. स्टँडवर सोनगीरची एसटी खच्चून भरलेली. नानांनी खिडकीतून साडेचारशे आत सरकवले.

"अर्धे परत घ्या, अक्का. मला लाज वाटते."

अख्खी गाडी बघायला लागली. अक्कांनी नोटा घेतल्या, पिशवीतून फ्लॉपी काढली आणि नानांपुढे धरली.

"बरं. मग अर्ध्या गोष्टी यातून काढून घ्या. कोणत्या काढता, सांगा."

नानांची मान छातीला टेकली. कंडक्टरनं घंटी मारली, तशा अक्कांनी त्या नोटा नानांच्या मुठीत कोंबल्या आणि गाडी सुटली.

परतताना नाना म्हणाले, "ती कोल्ह्याची तर काढताच येणार नाही." थोडं पुढे गेल्यावर, "आणि आंधळ्या सुतारणीची तर मुळीच नाही." असं करत करत पाचवी गल्ली आली, तरी त्यांना काढण्यासारखी एकही गोष्ट सापडली नव्हती.