रुमालाखालचा हात

मिरचीच्या बाजारात तेव्हा भाव तोंडाने सांगत नसत. शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या आणि घेणारा व्यापारी रुमालाखाली हात धरायचे आणि बोटांनी सौदा करायचे. पोती वाहता वाहता मी स्वतःची अडत उभी केली ती याच बोटांवर. चाळिशीत तीच बोटं कापू लागली.

भिवापुरी मिरचीचा एक मोठा सौदा त्यापायी फिसकटला. मी घाबरलोय, असं समोरच्याने धरलं. माझ्या मोठ्या भावाला अडतीत मीच आणलं होतं. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबाचाच रोग लागला गा तुले. आता गादीवर मी बसतो." मी तराजूचं वजन उचललं होतं, हमालांनी मला धरलं म्हणून तो वाचला. पण भीती मलाही होतीच. बाबा गिरणीत विणकर होते. शेवटी खाटेवर त्यांच्या अंगाचं लाकूड झालं होतं.

बायकोने मला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भरलेला पेला हातात दिला. निम्मं पाणी टेबलावर सांडलं. मग हात मांडीवर ठेवायला सांगितले, तर तिथे ते मुकाट पडून राहिले. बाबांचं नेमकं उलटं होतं, ते मी सांगितलं. मांडीवरचा हात गोळ्या वळल्यासारखा हलायचा, पेला उचलला की बराचसा थांबायचा.

"मग हा त्यांचा आजार वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन्हीत कंप आहे म्हणून लोक त्यांना सख्खे समजतात. पण मेंदूतला बिघाड वेगळा, पुढची वाटही वेगळी. तुमचा हा कंप पुष्कळदा घराण्यातून येतो. आईला काही होतं?"

मी नाही म्हणालो. बायको म्हणाली, "सासूबाईंची मान नव्हती का हलत?"

हलायची, सारखी, नको नको म्हटल्यासारखी. भाजीवाली भाव सांगायची, आईची मान हलायची, बाई आणखी उतरायची. आईला तोंड उघडावंच लागत नसे. घासाघीस मी कुणाकडून घेतली, ते मला त्या खुर्चीवर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी भावाला गादीवरून उठवलं. रुमालाखाली हात कापतच होता, पण आता मी समोरच्याच्या डोळ्यांत बघत होतो. माझा स्वभाव बाजाराला ठाऊक. व्यापाऱ्याला वाटलं, मी संतापलोय. त्याने भाव वाढवला. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

भाऊ अजूनही चुकलो म्हणालेला नाही. सणाला तो घरी येतो, तेव्हा पाण्याचा पेला मी स्वतः नेऊन देतो, काठोकाठ भरून. थोडं त्याच्या धोतरावर सांडतंच.