आईचं कोकम आणि साहेबाची जिन

माझ्या आईने जन्मात एकदाच दारू प्यायली. ती मी माझ्या हाताने मिसळली होती. तिने ग्लास तोंडाला लावला तेव्हा मी चार पावलांवर उभा होतो, ग्लासात काय आहे ते मला माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या घाट चढून इकडे पिंपरीला आलेल्यांना मला हे एकदा सांगून टाकायचं आहे.

मालवणकडचं आमचं गाव सोडलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. मागे उरली ती एकटी आई. कोल्हापूरच्या एसटीपाशी ती मला पोचवायला आली होती. रडली नाही. गाडी सुरू झाली तशी खिडकीला हात लावून चालत राहिली आणि म्हणाली, "खंयव जा, पन तुझ्या बापाशीच्या वाटेन जाव नको."

वडील काजूच्या दारूने गेले. शेवटी त्यांचं पोट घागरीसारखं फुगलं होतं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. सहा महिने आई त्यांचं सगळं अंथरुणातच करत होती. तेव्हापासून आमच्या दारात कोणी पिऊन आला तर ती त्याला पाणीही देत नसे.

मी आधी देहूरोडला लष्करी मेसमध्ये लागलो. तिथून पिंपरीला, नव्या कारखान्याच्या एका परदेशी इंजिनियरच्या बंगल्यावर खानसामा म्हणून आलो. तेव्हा पिंपरीत काय होतं? स्टेशन, फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांच्या बराकी, ज्वारीची रानं आणि रानाच्या मध्येच उभ्या राहणाऱ्या पत्र्याच्या शेड. राज्यात दारूबंदी होती, पण साहेबाकडे परमिट होतं. तो मला म्हणायचा, चांगल्या ड्रिंकला कपाटभर बाटल्या लागत नाहीत, तीन वस्तू पुरतात. जिन, लिंबाचा रस, साखरेचा पाक. झाकणाच्या डब्यात बर्फाबरोबर हात गार पडेपर्यंत हलवायचं आणि गाळायचं. उंच ग्लास हवा असेल तर पाक कमी करून वर सोडा. कधी आल्याचा रस, कधी पुदिन्याची चार पानं चुरडून. बर्फ पुण्याहून भुशात गुंडाळून यायचा. सोडा आणायचे पिंपरीतले उस्मानभाई, गोटीच्या बाटल्यांचा क्रेट सायकलला बांधून.

माझा हात लवकर बसला. मी स्वतः थेंबही घेत नसे. चव पाहायची तर चमचा जिभेला लावून थुंकायचो. मी पीत नाही, मी फक्त करून देतो, म्हणजे आईला दिलेला शब्द मोडलेला नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दर उन्हाळ्यात आई कोकमाच्या सरबताच्या बाटल्या पाठवायची. रातांब्याच्या सालींत साखर भरून बरणी पंधरा-वीस दिवस उन्हात ठेवायची, फडक्याने गाळायचं, बुचावर मेण लावायचं, आणि पुण्याकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचं. हे सगळं ती माझ्यासाठी करायची. एका संध्याकाळी पाहुणे आले आणि बंगल्यात एकही लिंबू नव्हतं. मी माझ्या खोलीतून एक बाटली आणली. दोन भाग जिन, एक भाग कोकम, भरपूर बर्फ, वर सोडा, मिठाची चिमूट. तांबडा, गार ग्लास. साहेबाने एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला फार गोड लागली.

त्या धुंदीत मी घरी कळवलं की साहेबाला तुझं सरबत फार आवडतं. त्यात खोटं काही नव्हतं. अर्धं तेवढं सांगायचं ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी दुप्पट बाटल्या आल्या. बाटल्या घेऊन येणारा हसून निरोप सांगायचा, "म्हातारी सांगता, सायबाक सांग, पानी बेतान घाल, नायतर चव जाता." गावात तिने हे विहिरीवर, देवळात, सगळीकडे सांगितलं होतं म्हणे. ती स्वतः गुळाचा चहा प्यायची आणि मिळेल ती साखर साहेबासाठी राखून ठेवायची. उस्मानभाईंना मात्र आधीच वास लागला होता.

"काय राव, सरबत पिऊन तुमचे साहेबलोक गाणी म्हणतात?"

"गार असतं ना, उस्मानभाई."

"आमच्याकडे गार पिऊन खोकला येतो, गाणं नाही." मग क्रेट उतरवता उतरवता आवाज खाली आणून म्हणाले, "अम्मीला सांगितलंस का रे भावा?"

मी रिकाम्या बाटल्या मोजायला लागलो.

तिसऱ्या वर्षी आई स्वतःच आली, मांडीवर बाटल्यांची पिशवी घेऊन. साहेब सरबत पितो ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. मी दोन दिवस काही ना काही सांगून टाळलं. पण साहेबाच्या मडमेला कळलं, आणि तिने हौसेने संध्याकाळी आईला व्हरांड्यात बोलावून वेताच्या खुर्चीत बसवलं. आई खुर्चीच्या कडेवर बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन.

साहेब, मडम, तीन पाहुणे आणि आई, असे मी सहा ग्लास केले. पाचात जिन, एक साधा. साधा ट्रेच्या कडेला ठेवला, आईच्या हाताला लागेल असा. रंग सगळ्यांचा एकच. मी वाकणार इतक्यात मडमेने स्वतः ट्रेमधला मधला ग्लास उचलला आणि दोन्ही हातांनी आईपुढे धरला. "मां, पियो. आपका शरबत."

"तो नको, हा घ्या," एवढंच म्हणायचं होतं. पण आई लगेच विचारणार होती, का रे, ह्यात काय आणि त्यात काय? मी ट्रे घेऊन चार पावलांवर साहेबाकडे सरकलो. साहेबाने ग्लास उंचावला. आईने हसून घोट घेतला.

तिचं हसू तिथेच थांबलं. जिनला काजूच्या दारूसारखा वास नसतो, पण घशाला बसणारा चटका तोच. वडिलांची औषधं जिभेला लावून, थुंकून पाहिल्याशिवाय ती त्यांना देत नसे, कारण वडिलांचे मित्र त्यांत दारू मिसळून आणायचे. तिला कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मडमेकडे पाहिलं, ती लहान मुलीसारखी उत्सुक होऊन उभी होती. आईने ग्लास खाली ठेवला नाही. एकेक घोट घेत तो संपवला, पदराने तोंड पुसलं आणि हात जोडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खोलीकडे येताना ती नळापाशी थांबली आणि बराच वेळ चुळा भरत राहिली.

"सायबाचो मान रवलो मा?" तिने विचारलं. मी मान हलवली.

"कितकी वर्सां चल्ला ह्या?"

"सुरवातीपासून," मी म्हणालो.

"आनि माझ्या हातान." एवढंच ती बोलली. मी बोललो ते असं: मी पीत नाही गं, शपथ घेतो. ती तिकडे बघत होती, रानापलीकडच्या शेडच्या दिव्यांकडे.

दुसऱ्या दिवशी ती गेली. त्यानंतर बाटली आली नाही. साहेबाला मी सांगितलं की यंदा रातांबे लागलेच नाहीत, आणि पुन्हा लिंबावर आलो. पुढे साहेब मायदेशी गेला. मी आता कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आहे. बीड, सातारा, रत्नागिरी, कुठून कुठून पोरं येतात, शिफ्ट सुटली की कॅन्टीनमध्ये आपापल्या गावाचं लोणचं एकमेकांना वाढतात आणि "माझ्या आईचं आहे" म्हणतात. मी वाढपी असून त्या वेळी आत निघून जातो. सुट्टी असूनही मी काही वर्षं गावाला गेलो नाही. पैसे पाठवायचो. मी नसलो तरी घर जागेवर असतंच, असं तेव्हा वाटायचं. पण ज्या माणसाच्या डोळ्यांत आपण बघू शकत नाही, त्याच्या घरात आपल्याला पाट मांडलेला असूनही बसता येत नाही, हे मला पिंपरीत राहून कळलं.

या वैशाखात गेलो. आई थकली आहे. तिने नेहमीसारखं जेवायला वाढलं, पेज आणि सुका बांगडा, आणि दुपारी चटईवर आडवी झाली. मी पायांशी बसलो. आधी भलतंच बोललो, गाडीला किती गर्दी होती वगैरे. मग म्हणालो, त्या संध्याकाळी बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती.

"खोटा बोला नको," ती डोळे मिटूनच म्हणाली. "मडम काय तुका काढूची नाय होती."

ते खरं होतं. मग मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणालो, "आये, तू गलास तोंडाक लावलंस, तेवा माका ठावक होता. तुझो हात धरूक व्हयो होतो, मी धरूक नाय. नोकरीसाठी नाय. तुझ्यासमोर खोटो पडान म्हनान. तुझ्या कष्टाची मी दारू केलंय आनि ती तुका पाजलंय. माका माफ कर."