स्टॉप ओढल्यानंतरचे वीस सेकंद

आमचे हे ट्रकचे मिस्त्री. बत्तीस वर्षं डिझेल इंजिनांच्या पोटात डोकं घालून बसलेले. ड्रायव्हर लोक यांना 'कानसेन' म्हणतात, कारण हे इंजिन उघडण्याआधी ऐकतात. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि मग निकाल सुनावायचा. तेवढा वेळ ड्रायव्हर श्वास रोखून उभा. माझ्या बोलण्याकडे यांनी इतक्या भक्तिभावाने कधी कान दिला असता, तर संसारातले निम्मे बिघाड वेळेवर सापडले असते.

घरात कानसेनांचं प्रकरण वेगळंच. दोन वर्षं झाली, मला प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं. पहिल्यांदा उत्तर येत नाही, दुसऱ्यांदा "ओरडतेस कशाला?" असं येतं. मी पुटपुटते, असा यांचा शोध आहे. टीव्हीवरचे बातम्यावालेही पुटपुटतात, फोनवर आमची लेकही पुटपुटते. सगळ्या जगाने ठरवून यांच्यापुरता आवाज बारीक केलाय. 'कान तपासून घ्या' म्हटलं, की हे एकदम मुके होतात. एकदाच बोलले, "मिस्त्रीला ऐकू येत नाही हे एका ड्रायव्हरला जरी कळलं ना, तर उद्यापासून सगळ्या गाड्या पुढच्या वळणावरच्या गॅरेजला जातील." ते खरंच होतं, म्हणून मीही गप्प बसले. गॅरेजात सगळेच ओरडून बोलतात आणि स्क्रू-ड्रायव्हर हाडातून आवाज पोचवतो, त्यामुळे तिथे बिंग फुटत नव्हतं.

परवा दुपारी डबा घेऊन गेले, तेव्हा एक जाड मिशांचा ड्रायव्हर गाऱ्हाणं सांगत होता.

"मिस्त्री, हिला बंद हो म्हटलं की ऐकतच नाही. स्टॉप ओढून धरला तरी वीस सेकंद धुगधुगत राहते. एक जण म्हणाला, डिझेलचा पंप उतरवावा लागेल."

"त्याचंच डोकं उतरवायला पाहिजे," हे म्हणाले. "चढ वर आणि चालू कर."

गाडी जुन्या पद्धतीची. तिला बंद करायला केबिनमधली 'स्टॉप'ची मूठ ओढायची. मूठ ओढली की केबल पंपावरची एक दांडी खेचते, डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. यांचीही एक जुनी पद्धत आहे. "ओढ" म्हणायचं, पाठ फिरवून फडक्याला हात पुसायचे आणि आवाज थांबला की वळून पंख्याशेजारून थेट इंजिनात हात घालायचा. बघायचं नाही. बत्तीस वर्षांत डोळ्यांना विचारायची वेळच आली नव्हती.

ड्रायव्हरने मूठ ओढली. धडधड उतरत उतरत अगदी बारीक झाली आणि तशीच चालू राहिली. हे वळले.

"ही तर लगेच बंद झाली की!" असं म्हणून यांनी हात आत घातला.

मी डबा टाकला आणि कॉलर धरून यांना मागे खेचलं. दोघंही जमिनीवर.

"वेड लागलंय का तुला?"

"चालू आहे अजून! पंखा बघा, पंखा!"

यांनी बघितलं. पंखा अजून फिरत होता. मग दोन आचके देऊन थांबला. यांनी हात वर धरला आणि माझ्यासमोरच बोटं मोजली. मला यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं.

"काय झालं वहिनी?" ड्रायव्हरने केबिनमधून विचारलं. त्याला काही दिसलं नव्हतं.

"काही नाही, पाय घसरला यांचा," मी म्हणाले. इतकी वर्षं संसार केल्यावर खोटं बोलायला विचार करावा लागत नाही.

इंजिन पुन्हा सुरू करायला लावून हे पंपाला स्क्रू-ड्रायव्हर लावून उभे राहिले. मूठ ओढलेली असतानाही आत टकटक चालूच होती. मग यांनी त्याच स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दांडी शेवटपर्यंत ढकलली, तर इंजिन खटकन गप्प. पंप ठणठणीत होता. केबलचं बाहेरचं आवरण त्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीतून सुटलं होतं, त्यामुळे मूठ ओढली की आवरणच सरकायचं आणि दांडी अर्ध्यावर अडायची. यांनी पट्टी आवळली आणि तपासायला इंजिन पुन्हा चालू करायला लावलं. दहा मिनिटांचं काम. ड्रायव्हर वरून म्हणाला, "वा कानसेन, मानलं तुमच्या कानांना!"

हे हसले नाहीत. केबलचं टोक बांधायचं राहिलं होतं, त्यासाठी हात पुन्हा पंख्याजवळ न्यावा लागणार होता.

"ओढ," हे म्हणाले.

इंजिन थांबलं. हे हात हवेत धरून तसेच उभे. पंखा समोर होता, बघता आलं असतं. पण हे माझ्याकडे वळले आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, केबिनमध्येच काय, रस्त्यावरही ऐकू जाईल असं म्हणाले, "बंद झालं का गं? मला आताशा ऐकू येत नाही."

ड्रायव्हर दार उघडून उतरता उतरता पायरीवरच थांबला.

"झालं," मी म्हणाले.

यांनी आत हात घातला.