खंदकातले पाय आणि माझा डावा पाय

"बिलो-नी अँप्युटेशन," सर्जन म्हणाले. म्हणजे गुडघ्याखालून पाय कापायचा. डावा.

सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात माझी बायको मेधा शेजारी बसली होती. तिने विचारलं, "नुसती बोटं काढून नाही भागणार?"

"दोन महिन्यांपूर्वी आला असतात तर कदाचित," ते म्हणाले. "आता थांबलात तर जंतू रक्तात पसरतील. मग प्रश्न पायापुरता राहणार नाही."

हा २००३ चा जुलै. मला डायबेटिस होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. गोळ्या घेत होतो, म्हणजे आठवतील तेव्हा घेत होतो.

मेधाला चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत नोकरी लागली म्हणून आम्ही सिंगापूरला आलो. मी चाळिशीत पीएचडीला बसलो. विषय : पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याची हल्ल्याची पद्धत कशी बदलली. १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत पहिल्याच दिवशी कितीतरी पलटणी रांगा धरून, चालत, मशीनगनसमोर गेल्या. आपल्या तोफांनी समोरचं काटेरी कुंपण तोडलं असेल, असं वरिष्ठांनी गृहीत धरलं होतं. पुढच्या वर्षी त्याच सैन्यात लहान तुकड्या आल्या. प्रत्येक तुकडीजवळ हलकी मशीनगन, हातबाँब, आणि त्यांच्या पुढे सरकत जाणारा आपल्याच तोफांचा मारा. माझा मुद्दा एवढाच होता की सैन्य चुकांमधून शिकलं.

त्यात एक प्रकरण पायांवर होतं. गार चिखलात उभं राहून सैनिकांचे पाय सडत. त्याला ट्रेंच फूट म्हणत. माणसं निकामी व्हायला लागली तेव्हा हुकूम निघाले : रोज बूट काढा, पायांना तेल चोळा, कोरडे मोजे घाला, जोडीदाराचे पाय तपासा. दुर्लक्ष झालं तर जाब अधिकाऱ्याला. या हुकमांवर मी बारा पानं लिहिली, कौतुकाने. लिहीत होतो तेव्हा टेबलाखाली माझा मोजा ओला झालेला होता.

मार्चमध्ये लिटिल इंडियातल्या देवळात भर दुपारी तापलेल्या फरशीवरून अनवाणी चाललो होतो. तळव्याला फोड आला. दुखला नाही. याला न्यूरोपथी म्हणतात : साखरेमुळे नसा बधिर होतात आणि पाय तक्रार करायचं सोडून देतो. हे मला नंतर समजलं.

सार्सची साथ होती, ती हॉस्पिटलांमधूनच पसरत होती, म्हणून तिकडे गेलो नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. ते अर्धंच खरं आहे. मला प्रबंधातलं ते पायांवरचं प्रकरण संपवायचं होतं.

"कसला वास येतोय? मोजा काढ, बघू," मेधा दोनदा म्हणाली.

"हे संपू दे."

जूनअखेरीस तिने मोजा स्वतःच ओढून काढला आणि तशीच जमिनीवर बसली. "शंभर वर्षांपूर्वीच्या शिपायांचे पाय तुला दिसतात. स्वतःचा दिसत नाही?"

मी तिच्यावर ओरडलो. ती लाज पायापेक्षा मोठी आहे.

मग डॉप्लर, म्हणजे रक्त कुठवर पोचतंय ते पाहण्याची तपासणी. घोट्याखाली जवळजवळ काहीच पोचत नव्हतं. एक्स-रेमध्ये हाड सडलेलं दिसलं. चार दिवस शिरेतून अँटिबायोटिक देऊन वाट पाहणं, आणि मग ऑपरेशनच्या कागदावर सही.

ऑपरेशननंतर ड्रेसिंग बदलताना नर्स म्हणाली, "डोन्ट लूक फर्स्ट, अंकल." म्हणजे इतक्यात बघू नका. मी पाहिलं. त्या रात्रीपासून नसलेल्या अंगठ्यात कळा यायला लागल्या. असताना कधी न दुखलेला पाय गेल्यावर दुखायला लागला. याला फँटम पेन म्हणतात. औषधाने कमी होतं, जात नाही.

माझे गाइड भेटायला आले. "आता लिहायला निवांत वेळ मिळेल," म्हणाले. त्यांना दिलासाच द्यायचा होता. मी भिंतीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर प्रबंध उघडला. 'सैन्य शिकलं.' कोण शिकलं? रांगेतून चालत गेलेले शिकायला उरलेच नव्हते. मी ते वाक्य काढलं आणि त्यांच्याबद्दल लिहिलं. गाइड म्हणाले, सूर कडवट झालाय. मी तो तसाच ठेवला. पदवी वर्षभर उशिरा मिळाली.

प्रबंधात आभार फक्त मेधाचे मानले. ऑफिसला जाण्यापूर्वी ती माझा उजवा तळवा हातात घेऊन बोटांच्या बेचक्या पाहते. मी आता मुकाट्याने पाय पुढे करतो. ज्यांना डायबेटिस आहे त्यांनी एवढं तरी करा. आरसा धरून पाहा, नाहीतर कुणाला तरी दाखवा.

गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळींसमोर हेच बोललो. टाळ्या झाल्या, मग जेवण. एक गृहस्थ श्रीखंडाची वाटी घेऊन आले. "छान बोललात. मलाही पंधरा वर्षं डायबेटिस आहे. टाचेला जरा चिरलंय, पण दुखत नाही हो अजिबात." आणि हसत आणखी पुऱ्या घ्यायला गेले.

मी त्यांच्या बायकोकडून फोन नंबर घेतला. सकाळी फोन केला.

"ते मोजा काढूच देत नाहीत," ती म्हणाली. "रविवारी बघू म्हणतात."

"पत्ता सांगा," मी म्हणालो आणि कृत्रिम पायाचे पट्टे आवळले.